भाऊरावच्या पायातून गेलेला गोल

मंडळी, सकाळी चहाच्या टपरीवर झालं ते सांगतो. लांबण लावत नाही.

नागपूर वेगळं झालं अन् आपण मध्यप्रदेशात राहिलो, त्या छप्पन सालची गोष्ट. आम्ही पांढुर्ण्याचे पोट्टे फुटबॉलसाठी गडी वाटून घेत होतो. दोघादोघांनी बाजूले जाऊन चोरून खोटी नावं घ्यायची, एक कापूस, एक संत्रा. कप्तान जे नाव मागंल तो गडी त्याचा.

आमचा कप्तान वामन. त्यानं संत्रा मागतला अन् भाऊराव आला. कापूस म्हणजे शंकर, तो गेला समोरच्या टीममध्ये. त्याच शंकरचा गोल आमच्या गोलात उभ्या भाऊरावच्या दोन पायातून गेला अन् आम्ही हारलो.

तेव्हापासून आमचं तेच भांडण. आजही मी म्हटलं, "वामन्या, कापूस मागतला असता त जितलो असतो बे!"

"मले काय सपन पडलं होतं?" वामन भडकला.

भाऊराव रोज हासते. आज त्यानं चहाच घेतला नाही. म्हणे, "पोरगा उद्या मले भोपाळले घेऊन चालला. कायमचा."

मंग भाऊरावच पुढं म्हणे,

"तिकडं सारे बाबूजी बाबूजी करतीन. त्या गोलसाठी मले शिव्या कोण देईन?"

वामन म्हणे, "मी फोनवर देतो ना."

"फोनवर मले ऐकू येत नाही बे."

त भोपाळात आपल्या इकडचं कोणी हाय का? हप्त्यातून एकदा भाऊरावच्या घरी जाऊन भांडून यायचं हाय. जोरात बोला. काय बोलायचं ते मी सांगतो.