कापलेली घार

कुणाचाही फोटो हातात आला, की ललिताताई आधी त्याच्या कडा बघायच्या, मग माणूस. काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे कायम त्यांच्या पर्समध्ये असत. सिन्नरच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली, की ते जुळवून चौकट करायच्या आणि बाहेरचं शेत त्यात धरून बघायच्या. चहा बशीत ओतून निववायच्या आणि पुन्हा कपात ओतून प्यायच्या. बोटं फोटो धुण्याच्या डेव्हलपरनं तपकिरी झालेली. लग्नाकार्यात ती पदराखाली. पक्ष्यांच्या वहीत तारखेच्या आधी वारा कुठून होता ते लिहायच्या. आणि गायधनी सरांचं नाव कधी घ्यायच्या नाहीत. 'आनंदनृत्य' म्हणायच्या.

"आनंदनृत्याला ताप आलाय म्हणे. बरं झालं."

सुवर्णाला आधी ही थट्टा वाटली. ती चोवीस वर्षांची, नुकतीच मराठीत एम.ए. झालेली. पक्षिमित्र मंडळाच्या प्रदर्शनासाठी फोटोंखालच्या ओळी लिहायची. गंगापूर रोडवर ललिताताईंची डार्करूम होती. नवरा गेल्यावर त्यांनी पुढचा स्टुडिओ बंद केला, मागची अंधारी खोली चालू ठेवली. मोठे कृष्णधवल प्रिंट सगळं मंडळ तिथूनच काढून घ्यायचं, अध्यक्ष गायधनी सरसुद्धा.

'आनंदनृत्य' हा सरांचा गाजलेला फोटो. पाण्यावरच्या पानांवर पंख पसरून उभा कमळपक्षी. चौकटभर फक्त पक्षी. सत्त्याण्णव साली त्याला देशपातळीवरचं बक्षीस मिळालं होतं. सुवर्णानं त्याच्यासाठी ओळ लिहून आणली: 'जलावरचा उत्सव.' ललिताताईंनी ती वाचली.

"तो नाचत नाहीये गं."

"मग?"

त्यांनी कपाटातून निगेटिव्हच्या दोन पट्ट्या काढल्या आणि खिडकीशी धरल्या. एकीवरचे आकडे सतराला संपत होते. दुसरीवरचे एकोणीसपासून सुरू होत होते. सतरावर पुंजा नावाड्याची होडी. एकोणीसवर पानांत दडलेली चार पिल्लं.

"अठरा त्याच्याकडे आहे," ताई म्हणाल्या.

शहाण्णवच्या सप्टेंबरात नांदूरमध्यमेश्वरला पुंजाच्या होडीतून तो फोटो त्यांनी काढला होता. पक्षी डाव्या कोपऱ्यात, लहानसा. मध्ये नुसतं पाणी. उजवीकडे वर, अगदी कडेला, घार. पुंजाच म्हणाला होता, "बाई, पाखरू नाटक करतंय. पंख मोडलाय आसं दाखवतंय. तिकडं घार बघा ना. पोरं वाचवायचा लय हुशार डाव हाय त्याचा."

ताईंनी पट्टी विश्वासानं सरांकडे दिली; स्पर्धेला ते पाठवणार होते. पट्ट्या परत आल्या तेव्हा मधली चौकट नव्हती. फोटो छापून आला तेव्हा त्यात घार नव्हती, पाणी नव्हतं आणि खाली नाव सरांचं होतं.

"चोरलं ते चोरलं," ताई म्हणाल्या. "पण बापानं जिवावर उदार होऊन पंख पसरले, आणि यानं त्याला नाचा केला."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"कुणाला? मंडळ त्याचं. मी फोटो धुणारी बाई."

दोन हजार पाच साली सर स्वतः डार्करूममध्ये आले. त्यांना जीवनगौरव मिळायचा होता. दिल्लीची समिती गाजलेल्या फोटोचं मूळ निगेटिव्ह तपासायला मागत होती. त्याआधी सत्काराला लावायला मोठा प्रिंट हवा होता. नऊ वर्षं ताई गप्प होत्या. सरांना वाटलं, विसरल्या. निगेटिव्हच्याच आकाराच्या कॉन्टॅक्ट प्रिंटवर लाल पेन्सिलीनं पक्ष्याभोवती चौकोन आखून, निगेटिव्हसकट तो ठेवून ते गेले.

सोमवारी परत आले तेव्हा सुवर्णा तिथंच होती. प्रिंट बघून सर खूश झाले. मग बटरपेपरचं पाकीट उघडून त्यांनी निगेटिव्ह उजेडात धरलं. नखाएवढा तुकडा होता.

"बाई, हे काय केलंत!"

"तुमच्या लाल रेघेवर कापलं. सूतभर इकडे नाही की तिकडे नाही."

"अहो, मूळ निगेटिव्ह होतं ते!"

"मूळच आहे. तुम्हाला हवं होतं तेवढं."

"उरलेलं कुठं आहे?"

"ते तर तुम्हाला नकोच होतं ना, सर?"

सरांनी सुवर्णाकडे पाहिलं. ती भिंतीला टेकली.

"दिल्लीच्या अर्जात या फोटोखाली माझं नाव घाला," ताई शांतपणे म्हणाल्या. "उरलेला तुकडा, दोन्ही पट्ट्या, मी स्वतः दिल्लीला पाठवते."

"डोकं फिरलंय तुमचं," म्हणून सर गेले. त्या वर्षीचा जीवनगौरव दुसऱ्याच कुणाला मिळाला. ताईंनी त्या दिवशी पेढे आणले.

सुवर्णानं पेढा परत पुड्यात ठेवला. "ताई, फोटो तुमचा होता. आणि कात्री तुम्हीच चालवलीत."

"कापायच्या आधी एका कागदावर उजेड दिलाय. अख्खा. घारीसकट."

त्यांनी उजेड आत न जाणारं काळं पाकीट दाखवलं. आतला कागद अजून कोराच होता. डेव्हलपरमध्ये टाकल्याशिवाय त्यावर काही उमटणार नव्हतं.

"मग धुवा ना!"

"असा नाही. आनंदनृत्य येईल इथं. तांबड्या दिव्याखाली उभा करीन त्याला. ट्रेमध्ये आधी घार वर येईल बघ. तीच सगळ्यात काळी आहे. त्या वेळी मला त्याचं तोंड बघायचंय."

दर रविवारी त्या ताजा डेव्हलपर कालवायच्या आणि संध्याकाळी मोरीत ओतायच्या. सरांनी डिजिटल कॅमेरा घेतला. त्यांना डार्करूमची गरज उरली नाही. ते आले नाहीत.

दोन हजार सातच्या डिसेंबरात घोटीला बहिणीकडे ताईंचं हृदय थांबलं. शोकसभेत सर दोन मिनिटं बोलले. "प्रिंटला हात चांगला होता बाईंचा," म्हणाले.

काळं पाकीट बहिणीनं सुवर्णाला दिलं. सुवर्णानं सरांना दोनदा फोन केला. पहिल्यांदा ते मीटिंगमध्ये होते. दुसऱ्यांदा म्हणाले, "आता काय त्याचं?"

पाकिटावर ताईंच्या अक्षरात लिहिलंय: 'अख्खा. धुणं बाकी. दोन मिनिटं.'

सुवर्णानं ते अजून उघडलेलं नाही.