वरची रेघ आधी: तंजावूरचे तीन दिवस

माझी लेक तैपेईत राहते. नातीची शाळा सुरू होतेय, म्हणून मी सहा महिने तिथे जायचं आणि संध्याकाळचा गृहपाठ आजोबांनी घ्यायचा, असं ठरलं होतं. पण एकदा व्हिडिओ कॉलवर मी नातीसाठी शिकलेलं चिनी अक्षर लिहिताना लेकीने पाहिलं. "बाबा, इथे रेघांचा क्रमही बघतात. तिला चुकीची सवय लागली तर? त्यापेक्षा मी शाळेनंतरचा क्लास लावते," ती म्हणाली. त्या क्लासमधून मुलं सातला सुटतात, घरी येऊन जेवतात, झोपतात. मग मी तिथे काय करणार?

म्हणून तंजावूर. लेकीच्या मैत्रिणीची आत्या, सीताबाई, नवऱ्याच्या नोकरीमुळे वीस वर्षं सिंगापुरात होत्या. तिथल्या बालवाडीत त्या चिनी अक्षरं शिकल्या आणि मग शिकवू लागल्या. तीन दिवस त्या मला शिकवणार आणि मला कितपत जमलं ते शेवटी लेकीला खरं खरं कळवणार होत्या.

पुण्याहून चेन्नई, मग तिथल्या एग्मोर स्टेशनहून तंजावूरची गाडी. पापनाशम गेलं की सामान आवरायला घ्या. स्टेशनजवळ साधी, स्वच्छ खोली हजारात मिळाली. सीताबाईंचं घर राजवाड्यामागच्या गल्ल्यांत आहे. तिथे रिक्षा जाते, पण तोंडाशी उतरून चाला. पाट्या तमिळ असतात आणि दारांतून मराठी ऐकू येते.

"या राव. प्रवास बरा झाला कीं?" सीताबाई सत्तरीच्या आहेत. मराठी जुन्या वळणाची, पण देवनागरी वाचता येत नाही. वाण्याची यादीही तमिळमध्ये. त्यांनी मला आकाशाचं अक्षर लिहायला सांगितलं: 天. पाचदा लिहिलं. आकार बरोबर, क्रम पाचही वेळा चुकीचा. मग त्यांनी मला माझं नाव माझ्या लिपीत लिहायला लावलं. मी अक्षरं काढली आणि सवयीने सगळ्यांवरून एक रेघ ओढली.

"राव, तुम्ही भिंती बांधून मग छप्पर घालतां," त्या म्हणाल्या. "इथें छप्पर आधीं."

साठ वर्षांची सवय. दोन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद काढून घेतला. दारासमोरच्या दगडावर पाण्याने लिहायचं. उन्हात जी रेघ आधी काढली ती आधी वाळते, त्यामुळे त्यांना माझ्या हाताकडे बघायची गरजच नव्हती. स्वयंपाकघरातून येऊन एक नजर टाकली की कळायचं. दुपारी खाणावळीत केळीच्या पानाची वाट बघत मी टेबलावर बोटाने गिरवत बसलो. वाढप्याला वाटलं, टेबल चिकट आहे. त्याने फडकं आणून पुसून दिलं.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. दहा अक्षरं सांगून बाई कॉफी करायला आत गेल्या. नऊ झाली. दहावं पावसाचं, 雨: वर आडवी रेघ, खाली चौकट, आत चार थेंब. लिहून उभा राहिलो आणि आठवेना, रेघ कधी काढली ते.

आकाश वाळलं. 'दगड', 'पाच', 'राजा' ही अक्षरंही वाळली, सगळी वरून खाली. मग पावसाची चौकट फिकी झाली, थेंबही गेले. वरची रेघ मात्र ओलीच.

हातात अर्धा मग पाणी होतं. ओतलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. आत पेल्यांचा आवाज झाला. दगड तापलेला, त्यामुळे ती रेघही मिनिटभरात गेली असती. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी पुरलं असतं.

"बाई, लवकर या. शेवटचं चुकलंय."

त्या आल्या, वाकून बघितलं. "नऊ बरीं," एवढंच म्हणाल्या. मग फोनवर एका बोटाने बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं नाही. कॉफी छान असणार, पण मला चव लागली नाही. पुण्यापर्यंत मी लेकीला फोन केला नाही, तिनेही केला नाही.

घरी पोचल्यावर तिचा आला. दहावं चुकल्याचं मी आपणहून दाखवलं, हेही बाईंनी कळवलं होतं. "सोमवार-मंगळवार क्लास, उरलेले तीन दिवस तुम्ही," ती म्हणाली. "पण अडलं तर पोरीसमोर बाईंना फोन करायचा. अंदाजाने नाही." मी कबूल केलं.

तंजावूरचं प्रसिद्ध मोठं देऊळ मी फक्त रिक्षातून पाहिलं. तुम्ही जाणार असाल तर त्यासाठी एक दिवस जास्त ठेवा. मला त्याची हळहळ आहे, पण फार नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार माझे झाले. सोमवारी-मंगळवारी सातला क्लासच्या दाराशी नातीला घ्यायला मीच उभा राहणार, हे लेकीला अजून सांगितलेलं नाही.