रुमालाखालची मूठ

हरेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुन्नरला भाचीच्या लग्नात होतो, हातात अक्षता होत्या आणि मंगलाष्टकं सुरू होती. फोनवर त्याची मुलगी पूजा होती. "काका, पप्पा गेले," एवढंच म्हणाली. हृदयाचा झटका येऊन तो दोन दिवस दवाखान्यात होता आणि मला याचा पत्ताच नव्हता. कारण त्यानेच घरच्यांना बजावलं होतं, "नानाला लग्नातून उठवू नका, त्याची एकच भाची हाय." मी खांदेश्वरला त्याच्या घरी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. त्याचा मला राग आला होता आणि अजूनही तो पुरता गेलेला नाही. पंचवीस वर्षं रोज भेटणाऱ्या माणसाने जाताना असं परक्यासारखं वागू नये.

एपीएमसीच्या फळबाजारात माझं रिकाम्या पेट्यांचं आणि पेंढ्याचं दुकान आहे. समोरच्या गाळ्यावर हरेश आंबा विकायचा. गाळा शेठचा, पण विक्री त्याच्या हाती. मूळचा तो द्रोणागिरीकडच्या गावातला, बोली तिकडचीच, आवाज खणखणीत. पण आंब्याचा भाव ठरवताना तो तोंडातून शब्द काढत नसे. बाजारात जुनी रीत आहे, आता बरीच कमी झाली आहे. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव बोलतात. जितकी बोटं धरली तितका आकडा. भोवती दहा गिऱ्हाइकं असली तरी कुणाला काही कळत नाही. न पटलं तर हात काढून घ्यायचा, पण एकदा हात देऊन कबूल केलं की फिरायचं नाही. कागद नाही, सही नाही, तरी या बोलीत हरेश कधी खोटा पडला नाही. त्याची खरी करामत वेगळीच होती. गिऱ्हाइकाच्या तळहातावरून तो ओळखायचा की हा अजून वर चढेल की इथेच थांबेल. "हात गार पडला की समजायचा, गडी संपला," असं मला सांगायचा. आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

या करामतीनेच त्याचा घात केला. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायचा नाद त्याला लागला तो करोनानंतर. बाजारातले निम्मे लोक तेव्हा खेळत होते, पण हरेशला वाटायचं की आपण इतरांसारखे नशिबावर खेळत नाही, आपण माणूस वाचतो. दुपारी माझ्या दुकानात पेंढ्यावर टेकून तो खेळायचा आणि मला समजावून सांगायचा, "हा बघ, पान टाकायला येळ लावतो. घाबरला हाय." मी म्हणायचो, "अरे बाबा, त्याचं नेटवर्क गेलं असेल!" तो हसायचा आणि अजून पैसे लावायचा. पलीकडे माणूस आहे की यंत्र, एक आहे की चौघे मिळून त्याला लुटतायत, हे कळायला मार्गच नव्हता. तरी तो गार पडलेला हात शोधत राहिला. पहिल्यांदा जिंकला तेव्हा त्याने अख्ख्या ओळीला भजी खिलवली. मीही खाल्ली, वर त्याच्या पाठीवर थापसुद्धा मारली. ती थाप आठवली की आजही मला माझी लाज वाटते.

पितळ उघडं पडलं ते पूजाच्या नर्सिंगच्या प्रवेशाच्या दिवशी. त्याची बायको, वनितावहिनी, मुलीला घेऊन कॉलेजच्या खिडकीपाशी उभ्या होत्या आणि खात्यात काही नव्हतं. हरेशने सहा महिने घरी सांगितलं होतं की पैसे बाजूला काढून ठेवलेत. आधी गेलेले परत मिळवायचे म्हणून लावत गेला आणि होते तेही गेले. पूजाचं एक वर्ष वाया गेलं. वहिनी भांडल्या नाहीत, माहेरी गेल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारणं बंद केलं. तो घरी आला की ताट वाढायचं, पण कुठे होतास, काय केलंस, हे नाही. हरेश मला म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या तर बरा झाला असता, नाना."

मी त्याला पुष्कळ भाषणं दिली. इतका शहाणा माणूस, तुझी अक्कल कुठे गहाण पडली होती, वगैरे. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. तो रोज कानाला खडा लावायचा आणि दोन दिवसांनी परत मोबाइल घेऊन बसायचा. शेवटी तो स्वतःच पनवेलला एका समुपदेशक बाईंकडे गेला. त्यांनी अक्कल काढली नाही. हा आजारच आहे, असं त्यांनी सांगितलं. पैशाचा व्यवहार वहिनींच्या हाती द्या, मोबाइल साधा वापरा. आणि मुख्य म्हणजे, खेळायची ओढ येणारच, ती आली की लपवू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. पहिल्या दोन गोष्टी त्याने केल्या. तिसरीपाशी अडला. घरी सांगायची सोय नव्हती आणि गाळ्यावर दहा कान. मग एके दिवशी बाजार उठताना तो माझ्यासमोर येऊन बसला, खांद्यावरचा निळा चौकड्यांचा रुमाल काढला, माझा हात ओढून घेतला आणि वर रुमाल टाकला. खाली माझी तीन बोटं दाबली. मी म्हटलं, "काय विकतोस रे?" तर म्हणाला, "आज इतकी ओढ आली."

असा आमचा रोजचा व्यवहार सुरू झाला. एक बोट म्हणजे मनात येऊन गेलं, पाच म्हणजे जीव जातोय. आणि काहीच नसलं तर मूठ मिटून माझ्या तळहातात ठेवायची... आज नाही. बाजारातले लोक चेष्टा करायचे, नाना आता पेंढाही रुमालाखाली विकतो म्हणून. मी एकदा त्याला विचारलं, दुकानात कुणी नसताना सरळ बोलत का नाहीस? तो म्हणाला, "तोंडानं लय खोटा बोललो रे. हातानं कंदी नाय बोललो."

सुरुवातीला चार, पाच, चार असंच चालायचं. पुढे सरकारने पैशाच्या असल्या खेळांवर बंदी आणली आणि मला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्याच नावाच्या लिंका लोकांच्या मोबाइलवर यायला लागल्या, आणि त्याच्या साध्या फोनवरही मेसेज यायचे, परत या, तुमच्यासाठी बोनस ठेवलाय. अशाच एका दुपारी त्याने माझी चार बोटं धरली. तेवढ्यात पेट्यांचा टेम्पो लागला आणि मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "थांब जरा, माल उतरवून घेतो." मी परत आलो तर तो निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने पाचही बोटं धरली आणि सोडेचना. कुणाचा तरी मोबाइल मागून तो खेळला होता. गेलेले पैसे फार नव्हते, पण तो लहान मुलासारखा रडला. त्या दिवसापासून टेम्पो आला तरी मी तो उभा ठेवायचो, रुमाल आधी. खेळातून बाहेर कसं राहायचं हेही त्यानेच मला सांगितलं, त्याच्या पद्धतीने. "आपला बाजार उठतो, नाना. आंबा सांजपातुर इकायचा नि घरी जायचा. त्यो बाजार उठतच नाय, म्हनून आपल्यालाच उठायला लागतं." शेवटचे सहा महिने बहुतेक रोज मूठच असायची. मी म्हणायचो, हे वहिनींना सांग. तो मान हलवायचा. "तिला खरा नाय वाटनार. वाटला पायजे असापन नाय." पूजा एव्हाना दुसऱ्या वर्षाला गेली होती, तिच्या फीचे पैसे त्याने वहिनींच्या हातात दिले होते, तरी घरात विचारणं काही सुरू झालं नव्हतं.

गेल्या रविवारी खांदेश्वरला गेलो, तो खरं तर रुमाल मागायला. आठवण म्हणून काहीतरी असावं, आणि दुसरं त्याच्याकडे माझ्या कामाचं काय होतं? वहिनींनी चहा ठेवला. रुमाल धुऊन, घडी करून फोटोखाली ठेवलेला होता. त्यांनीच विषय काढला. "भावोजी, लोक सांगतात तुमी दोघं रोज याच्याखाली हात धरून बसायचे. काय बोलायचे वो?" पंचवीस वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न असेल. मी सगळं सांगितलं. बोटं, ओढ, टेम्पोचा दिवस, काही लपवलं नाही. शेवटी मिटलेली मूठ करून दाखवली आणि म्हटलं, याचा अर्थ आज नाही. शेवटचे सहा महिने बहुतेक हीच.

वहिनींनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "दवाखान्यात दोन्ही दिवस... सांज झाली का चादरीखाली माझा हात ओढून घ्यायचे. नि मूठ ठेवायचे हातात. मना वाटला, दुखतंय. मी आपली एकेक बोट सोडवत बसायची. ते परत मिटायचे."

स्वयंपाकघरात पूजा भांडी लावत होती, ती थांबली. वहिनींनी फोटोखालचा रुमाल उचलला, घडी मोडली, तो आपल्या हातांवर टाकला आणि खाली स्वतःचीच मूठ स्वतःच्या तळहातात धरून बसल्या. चहा गार झाला. निघताना त्या दारापर्यंत आल्या तरी रुमाल हातांवर तसाच होता. मी तो मागितला नाही.