सावेडी की माळीवाडा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माणूस जळका असला की त्याची अक्कल कशी गहाण पडते, हे बघायला लांब जायला नको, मी समोरच बसलोय. चहा घ्या, सांगतो.

राहुरीला शेतकी शिकताना मी, बापू आणि सुहास एका खोलीत राहायचो. पुढे सुहास भोपाळला गेला आणि आम्ही दोघं नगरला आलो. माझं माळीवाड्यात खाली बी-बियाणांचं दुकान, वर दोन खोल्या. बापूचा सावेडीत बंगला. पुढे हिरवळ, मागे झोपाळा, पाहुण्यांची खोली वेगळी, तिचं न्हाणीघरही वेगळं. आता यात राग येण्यासारखं काय आहे? काही नाही. तरी मला येतो.

कारण आमच्यातला कुणीही नगरला आला की उतरतो बापूकडे. माझ्याकडे येतो जेवायला. आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पाहुणा जेवला कुठे, ते कुणी विचारत नाही. अंथरूण ज्याच्या घरी पडलं, पाहुणा त्याचा. माझ्या घरी आजवर एकाही मित्राचं अंथरूण पडलं नव्हतं. बापू पाहुण्यांचे फोटो ग्रुपवर टाकायचा, मी खाली अंगठा पाठवायचो आणि मग दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसायचो.

तर गेल्या हिवाळ्यात सुहासचा फोन आला. "बायकोला घेऊन नगर बघायला येतोय. किल्ला, चांदबिबीचा महाल, सगळं. कुठल्या भागात उतरलेलं बरं पडेल रे? बापू सावेडीत ये म्हणतोय."

"सावेडीत?" मी म्हणालो. "अरे, जुनं शहर बघायला येणार आणि नव्या कॉलनीत राहणार? इथं चार पावलं गेलास की वेस आहे. सकाळी चहाला बाहेर पडलास तरी निम्मं नगर बघून होईल."

इथपर्यंत ठीक होतं. इथं थांबलो असतो तर आज ताठ मानेनं बसलो असतो तुमच्यापुढे. पण सुहास म्हणाला, "बापूकडे स्वतंत्र खोली आहे ना, म्हणून," आणि माझी जीभ सुटली.

"खोलीचं काय घेऊन बसलास? तिकडे चोरांचा सुळसुळाट झालाय. लोकांना झोप नाही. बापू सांगणार नाही तुला, मानी आहे तो. शैला वहिनी तर धास्तीनं वाळल्यात."

शैला वहिनी म्हणजे बापूची बायको. ती बाई कशानं वाळणाऱ्यातली नाही, पण हे भोपाळला कुठे माहीत?

"बाप रे," सुहास म्हणाला. "मग तुझ्याकडेच येतो."

मी दोन्ही खोल्यांना रंग दिला. नव्या गाद्या आणल्या. आमच्या नगरच्या झणझणीत शिपी आमटीचा मसाला दोनदा कुटायला लावला. सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "अहो, बापू भाऊजींना कळवलंत का?" म्हटलं, त्याला कशाला कळवायचं, पाहुणा माझा आहे.

शनिवारी दुपारी दाराशी गाडी थांबली. सुहास उतरला, त्याची बायको उतरली. मी हात पसरून पुढे झालो, तेवढ्यात मागचं दार उघडून बापू उतरला. मग शैला वहिनी. मग बापूची आई, पिशवी छातीशी धरून.

"मीच आणलं सगळ्यांना," सुहास म्हणाला. "मित्र चोरांच्या भीतीत राहतोय आणि आपण इकडे मजा करायची? मला नाही पटलं."

बापू माझ्या गळ्यातच पडला. "आमाला चोरांचं काईच ठावं न्हवतं बघ. तू एवढी काळजी करतो आमची, लई बरं वाटलं गड्या."

मी म्हणालो, हेही तुझंच घर आहे.

बायका एका खोलीत, पुरुष एका खोलीत, दाटीवाटीनं का होईना मावलो असतो. पण संध्याकाळी चहा घेताना बापूच्या आईनं कप खाली ठेवला.

"पन काय रं, बंगला तर मोकळाच टाकून आलो आपन. चोर यायचे ते आजच यायचे."

शैला वहिनींचा चेहरा आता खरोखर उतरला. "दागिनं हायेत घरात," त्या म्हणाल्या.

बापू उठला. "मी जातो राखनीला."

"तू अजिबात नाही," सुहास म्हणाला. "एक दिवस तरी निवांत झोप."

तेवढ्यात सुनंदा अगदी शांतपणे म्हणाली, "हे जातील की. तिथल्या चोरांची खडानखडा माहिती यांनाच आहे."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. चोरबीर काही नाहीत, एवढंच म्हणायचं होतं मला. तोंड उघडलंही होतं. पण सुहास इतक्या कौतुकानं बघत होता, की मिटलं. दिवेलागणीला मी डबा घेऊन सावेडीच्या रिक्षात बसलो.

बंगल्यात जाऊन सगळे दिवे लावले. डबा उघडतोय तोच सुहासचा व्हिडिओ कॉल. माझ्याच गच्चीवर सगळे गोल बसलेले. बापू पातेलं घेऊन आमटी वाढत होता. "घ्या घ्या, लाजू नका, आपलंच घर हाय."

"तुझं बरोबर होतं," सुहास ओरडून सांगत होता. "उतरावं तर माळीवाड्यातच. आम्ही आणखी दोन दिवस मुक्काम वाढवलाय. तुला तिकडे करमतंय ना?"

"एकदम झकास," मी म्हणालो.

आजवर बापूच्या बंगल्यावर जळत आलो. त्या संध्याकाळी त्याच बंगल्यातल्या गुबगुबीत सोफ्यावर मांडीवर डबा घेऊन बसलो होतो, आणि जळत होतो माझ्याच दोन खोल्यांवर.