बिनमिठाची चटणी

तानाक्काचा चटणीचा डंक लक्ष्मीपुरीच्या मागच्या बोळात आहे, आणि नेमका त्याच्याच डोक्यावर माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास. खाली लोखंडी मुसळं धडाधड मिरची कुटतात, वर माझी पोरं शिंकत शिंकत इंग्रजी बोलतात. उन्हाळ्यात अख्खं कोल्हापूर वर्षाची चटणी कुटून घ्यायला बाहेर पडतं, तेव्हा मी जिन्यातूनच ओरडतो, "तानाक्का, खिडकी लाव की." ती खालून ओरडते, "तुमची लावा मास्तर, डंक आधीचा हाय." वर्षानुवर्षं हेच चाललंय. त्याशिवाय दोघांनाही दुपारचं जेवण जात नाही.

त्यातूनच तिचं इंग्रजी तयार झालं. वर मी पोरांकडून डिफर, डिस्प्यूट, डिव्हाइड घोकून घ्यायचो, खाली ती ते गिऱ्हाइकांवर वापरायची. खोबरं कमी आणलेल्या बाईला म्हणायची, "तुझ्या मिरचीत आन खोबऱ्यात डिस्प्यूट हाय." तसं भांडणापुरतं इंग्रजी आमच्याकडं सगळ्यांनाच येतं. मॅटर झाला म्हणजे हात उचलला गेला, इश्यू म्हणजे अजून उचलायचाय, पार्टिशन म्हणजे भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या. पण हे शब्दही आम्ही ओरडूनच वापरतो. ओरडून झालं की चहा सांगतो.

तिला एकुलती एक मुलगी, दीक्षा. नवरा लवकर गेला, पोरगी डंकाच्या कमाईवर इंजिनिअर झाली आणि पुण्याला नोकरीला लागली. तरी दर मे महिन्यात ती आपली चटणी न्यायला यायची, आणि मायलेकींची जी जुंपायची ती ऐकायला बोळ गोळा व्हायचा. लसूण जास्त झाला, मीठ कमी पडलं, तीळ करपले. दीक्षा कमरेला ओढणी खोचून म्हणायची, "तुझ्या हाताला चवच न्हाय." तानाक्का म्हणायची, "मग पुण्यातली पाकिटं खा." शेवटी दोघी एकाच ताटात गरम भाकरी, नवी चटणी आणि वर तेल घेऊन बसायच्या. एक भाकरी मला वर यायची.

यंदा दीक्षा आली नाही. आईचा खोकला वाढलाय, तेव्हा डंक बंद कर आणि पुण्याला राहायला ये, असं तिचं म्हणणं. तानाक्कानं फोनवर सवयीनं आवाज चढवला, "डंक न्हाय बंद करणार. काय करायचं ते कर." पलीकडून मऊ आवाज आला, "ओके आई. लेट्स ॲग्री टू डिसॲग्री. मी ठेवते."

तानाक्का फोन हातात घेऊन तशीच जिना चढून वर आली. "मास्तर, ह्येचा अर्थ काय?"

"तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी," मी सांगितलं. "आता वाद नको."

"म्हंजे भांडाण मिटलं?"

"मिटलं असं नाही."

"मग चालू हाय?"

"चालू पण नाही."

"मग ठेवलं कुठं तिनं?"

मी उगीच खडू शोधायला लागलो. राग मात्र आला होता, खरं सांगतो. हेच वाक्य मी पोरांकडून पाठ करून घेतो. इंटरव्ह्यूला ते चालतं, ऑफिसात शोभतं, पण आईच्या तोंडावर कुणी असलं थंड पाणी ओततं का?

पुढच्या फोनांत 'डिफरन्सेस' आले, 'स्पेस' आली, सगळं गोड आवाजात. तानाक्कानं माझ्याकडून "आय डिसॲग्री" शिकून घेतलं आणि फोन लावून ठणकावलं. दीक्षा म्हणाली, "नो इश्यूज, आई." त्या दिवशी डंकाचं शटर लवकर खाली आलं. तिला लेकीची फार आठवण यायची, आणि आठवायची ती नाक लाल करून ओरडणारी लेक.

मग एका दुपारी तिनं दीक्षाच्या वाटणीची चटणी कुटली. मी खाली उभा होतो. मिरची, धने, खोबरं, लसूण सगळं पडलं, खडेमीठ पुडीतच राहिलं. चटणी वर्षभर टिकते ती मिठावर. ते नसलं की तिला बुरशी धरते.

"अक्का, मीठ राहिलं."

"न्हाय घालणार."

"डोकं ठिकाणावर आहे का? चटणी वाया जाईल, तुझं नाव जाईल."

"जाऊ दे की. पयला घास खाल्ला की वराडत फोन करती का न्हाय, बघा तुमी." तिचे डोळे भरले होते, आणि डंक तर केव्हाच थांबला होता.

डबा ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेला. तानाक्का फोन कमरेला खोचून काम करायला लागली. आवाजात रिंग ऐकू येणार नाही म्हणून मधेच डंक बंद करायची. ऐन सीझनमध्ये, दारात बायकांची रांग लागलेली असताना. बायका कावायच्या, ती उलट बोलायची नाही.

फोन आला तेव्हा मी चहाला खाली उतरलो होतो. तिनं घाईनं स्पीकर लावला.

"आई, डबा मिळाला. चटणी एकदम मस्त झालीये. थँक्यू."

तानाक्कानं फोन तोंडाजवळ धरला. "मीठ बरोबर हाय?"

"परफेक्ट."

"खाल्लीस?"

"हो, कालच."

"बरं," तानाक्का म्हणाली.

फोन बंद झाला. मला जे येत होतं तेच मी केलं. आवाज चढवून म्हणालो, "तानाक्का, तुझ्या धुरळ्यानं माझी पोरं बेजार झालीत, खिडकी लाव."

"लावतो, मास्तर," ती हळू म्हणाली, आणि उठून खरंच खिडकी लावली.

दुसऱ्या दिवशी ती परत दीक्षाच्या वाटणीची चटणी कुटत होती. ह्या वेळी मीठ मोजून घातलं, चव घेतली, डबा भरून वरच्या फळीवर ठेवला.

"आता ही कुणाला?" मी विचारलं.

"तिलाच की. त्या डब्याला आज ना उद्या वास सुटंल. तवा उघडंल, आन येईल भांडाय." तिनं पदरानं डब्याचं झाकण पुसलं. "जाताना हातात द्याय काय तरी नको व्हय?"