डॉक्टरअप्पांनी अंगावर घेतलेली चूक

डॉक्टर विरूपाक्षअप्पांची पंचाहत्तरी साजरी होत आहे. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला त्यांच्या हातगुणाविषयी लिहायला सांगितलं. काय कपाळ लिहू? सास्तुरात त्या हातगुणाला बट्टा लागला तो माझ्यामुळे.

निजामी अमलात मी तिथं मास्तर होतो. माझ्या सहा वर्षांच्या सुमनला ताप भरला तेव्हा अप्पांची पहिली गाठ पडली. ताप रोज थोडा थोडा चढत होता. जीभ मधोमध पांढरी, कडांना लाल, पोट फुगलेलं. अप्पा म्हणाले, "मास्तर, हा मुदतीचा ताप, टायफॉईड. याला औषध न्हाय माझ्याजवळ. आतड्याला जखमा होतात. ताप उतरला तरी दहा दिवस पेज आन् ताकावरची निवळ, दुसरं कायबी देऊ नका."

अप्पा रोज येत, ओल्या फडक्यानं स्वतः तिचं अंग पुसत. तिसऱ्या आठवड्यात ताप उतरला. पोर हसली. "बाबा, लई भूक लागली, भाकर द्या की." पत्नी विहिरीवर गेली होती. माझ्यातला शहाणा मास्तर कुठं मेला होता कोण जाणे! चतकोर भाकर मी तिच्या हातात दिली. किती आनंदानं खाल्ली हो तिनं!

संध्याकाळी तिचं पोट फळीसारखं ताठ झालं, अंग थंडगार पडलं. अप्पांनी पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "मास्तर, काय दिलं का तुम्ही?"

"न्हाय."

वाकळेवर भाकरीचे कण होते. अप्पांनी ते पाहिले आणि तळव्यानं झटकून टाकले.

दुसऱ्या दिवशी सुमन गेली. पत्नीनं हंबरडा फोडला, "डॉक्टर, असं कसं केलंत हो?" अप्पा खाली मान घालून म्हणाले, "बाई, माझंच चुकलं. मला वळखता आलं न्हाय." मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं नाही.

मग गावभर झालं, त्यांच्या हाताला यश न्हाय. आयाबाया पोरांना त्यांच्याकडं नेईनात. वर्षभरात दवाखाना बंद करून अप्पा धाराशिवला गेले. मी तिथं जाऊन पाय धरले, तर म्हणाले, "उठा मास्तर. तुम्हा दोघांना एका घरात राहायचं होतं. माझं काय, मी गाव बदललं."

आज तोच ताप गोळ्यांनी बरा होतो. लोकांना त्याचं समाधान वाटतं, मला रडू येतं.

अप्पांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, हे कोणत्या तोंडानं म्हणू? तरी म्हणतो. पत्नी अजूनही घरात त्यांचं नाव काढू देत नाही. तिला आता नीट दिसत नाही. ग्रंथ हाती आला की हा लेख मीच तिला वाचून दाखवणार आहे.