शिवमने लिहून दिलेलं नाव

परवा वसईतल्या एका लग्नात बँडने बायलाच्या ठेक्यावरचं गाणं वाजवलं. पोर्तुगीज सिलोनात मागे ठेवून गेलेला हा नाचाचा ठेका ऐकला आणि मी थेट २००९च्या मे महिन्यात, निमलच्या गाडीत जाऊन बसले.

मी तेव्हा आखातात नोकरी करायचे. मंदीत आमच्या कारपूलमधले दोघे मायदेशी परतले होते. इंटरनॅशनल सिटीतल्या घरून हमरियाच्या फ्री झोनमध्ये कामाला आम्ही तिघंच जायचो. सिंहली निमल, जाफन्याचा तमिळ शिवम आणि मागच्या सीटवर मी. निमल रोज बायला लावायचा, शिवम डॅशबोर्डवर ताल धरायचा.

त्या सकाळी श्रीलंकेतलं युद्ध संपल्याची बातमी होती. निमलचा हात प्लेअरकडे गेला आणि परत आला. फ्री झोनच्या गेटपाशी शिवम हळूच म्हणाला, "बहिणीचा फोन लागत नाही."

"नाव लिहून दे," निमल म्हणाला. "माझा भाऊ आर्मीत आहे, तिकडेच. तो निर्वासितांच्या कॅम्पमध्ये शोधेल."

शिवमने माझं पेन घेतलं आणि कितीतरी वेळ नुसतंच धरून ठेवलं. मागून हॉर्न वाजायला लागले.

"यल्ला शिवम, उशीर होतोय," मी म्हणाले. मग त्याने लिहिलं.

दोन आठवड्यांनी बहीण कॅम्पमध्ये सापडली. त्या सकाळी तो पेन धरून बसला तेव्हा मला वाटलं होतं, तो स्पेलिंग आठवत असेल. ज्या सैन्याच्या तोफांपासून ती पळत होती, त्याच सैन्यातल्या माणसाकडे तो तिचं नाव सोपवत होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.